वृद्ध कष्टकऱ्यांचे हक्क आणि आपले काम

(लखनौ येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषिक साथींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

लखनौचे नाव आपल्या चळवळीच्या इतिहासात १९३६ या सालाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात अखिल भारतीय किसान सभा याच शहरात स्थापन झाली. त्याच दिवसांत प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांची पहिली परिषद येथे भरली आणि ऑगस्टमध्ये विद्यार्थी फेडरेशनचाही जन्म येथेच झाला. तरुणांनी गाजवलेले असे ते वर्ष होते. त्या वर्षी जन्माला आलेले मूल आज नव्वदीच्या घरात पोहोचले आहे. ते शेतमजूर असेल, रेल्वेच्या कारखान्यातील फिटर असेल, चौकातील चिकनकारी करणारी स्त्री असेल. त्याचे आज कसे चालले आहे, असा प्रश्न विचारण्याची जबाबदारी १९३६ चा वारसा सांगणाऱ्या आपणा सर्वांवर येते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. आज ती त्याहून पुष्कळ वाढलेली आहे. यांतील बहुसंख्य लोकांनी आयुष्यभर असंघटित क्षेत्रात राबून काढले. त्यांच्यासाठी कायदे आणि योजना अगदीच नाहीत असे नाही. परंतु कागदावरचा हक्क आणि म्हाताऱ्या माणसाचा हात यांच्यामध्ये तहसील कचेरी, बँकेची खिडकी, अंगठ्याचे यंत्र आणि दलाल उभे असतात. हे अंतर एकट्या वृद्धाला तुडवता येत नाही. आजच्या भाषणाचे सूत्र एवढेच आहे की वृद्धांची लुबाडणूक त्यांच्या एकटेपणावर पोसली जाते, आणि म्हणून तो एकटेपणा संघटितपणे मोडून काढणे हे राजकीय काम आहे.

भीक नव्हे, मागे राहिलेली मजुरी

वार्धक्यवेतनाकडे दानधर्म म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. ती आधी आपल्या मनातून काढली पाहिजे. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कने वार्धक्य विम्याचा कायदा केला, तो कामगारांविषयीच्या कळवळ्याने नव्हे. समाजवादी चळवळीच्या वाढत्या ताकदीचा धसका घेऊन केला. ब्रिटनमध्ये १९०८ साली सत्तर वर्षांवरील गरिबांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. १९१२ च्या प्राग परिषदेत रशियन बोल्शेविकांनी अशी मागणी पुढे ठेवली की कामगार विम्यात वार्धक्याचाही समावेश असावा आणि त्याचा खर्च मालकांनी व राज्यसंस्थेने सोसावा. सारांश, वार्धक्याची तरतूद कोठेही आपोआप झालेली नाही.

आपल्या संविधानाच्या ४१ व्या कलमात वार्धक्यातील साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व म्हणून नमूद आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नाकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले होते. पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. पेन्शनरांच्या संघटना १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात, तो यामुळेच. न्यायालयापुढे त्या वेळी सरकारी नोकरांचा प्रश्न होता. परंतु जे तत्त्व सचिवालयातील कारकुनाला लागू पडते, ते ऊस तोडणाऱ्याला, विटा वाहणारीला आणि सुईने भरतकाम करणारीला का लागू पडू नये? देशाच्या संपत्तीत त्यांच्या श्रमाची भर कमी आहे काय?

हातात किती पडते?

आता आकड्यांकडे वळू. वृद्धांसाठी पेन्शन सुरू करणारे उत्तर प्रदेश हे देशातील पहिले राज्य. ते साल होते १९५७. केंद्र सरकारची योजना त्यानंतर अडतीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. पुढे तो २०० रुपये झाला, आणि साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी पंधरा वर्षांहून अधिक काळ तेथेच गोठून राहिला. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर ५०० रुपये. या काळात डाळ, तेल, गॅस आणि औषधे यांचे भाव कोठून कोठे गेले, हे आपणास सांगावयास नको.

उरलेली भर राज्यांनी घालावयाची. उत्तर प्रदेशात ही एकूण रक्कम डिसेंबर २०२१ मध्ये ५०० वरून १,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. पण महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट वर्षांची अट घालण्यात आली, आणि वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये ठेवण्यात आली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांहून अधिक मिळवणारा वृद्ध सरकारच्या लेखी निराधार उरत नाही! अशा अटींचा हेतू खऱ्या गरजूला शोधण्यापेक्षा यादी लहान ठेवण्याचाच असतो.

संघटित क्षेत्रातील कामगारांची स्थितीही फारशी वेगळी नाही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून भविष्य निर्वाह निधीला जोडलेली पेन्शन योजना लागू झाली. तिचे गणित प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे: पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे आणि सत्तरने भागावयाचे. २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० रुपये ठरली. या मर्यादेत राहून पस्तीस वर्षे नोकरी केली तरी पेन्शन ७,५०० रुपयांपुढे जात नाही, आणि तिला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तीत एका रुपयाची भर पडली नाही. याच लखनौतील स्कूटर्स इंडिया हा १९७२ साली स्थापन झालेला सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना. तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२१ मध्ये घेतला. ‘विजय’ स्कूटर आणि ‘विक्रम’ तीनचाकी तयार करणारे हात आज वृद्ध झाले आहेत. महाराष्ट्रातील गिरण्या, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि एस. टी. यांतून निवृत्त झालेल्यांची व्यथा हीच आहे. बुलडाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये या पेन्शनरांनी साखळी उपोषण सुरू केले आणि ७,५०० रुपये व महागाई भत्ता ही मागणी दिल्लीपर्यंत नेली. साठी-सत्तरीतील माणसे रस्त्यावर उतरून हा लढा चिकाटीने चालवतात, यातून तरुण कामगारांनी बोध घ्यावा. कारण उद्याची पेन्शन त्यांचीच आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला, तेव्हा तरुण कर्मचारीच मोठ्या संख्येने पुढे होते.

या सर्व हिशेबाबाहेर राहिलेल्यांचे काय? लखनौच्या चिकनकारीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कापडाचे नाव जगभर झाले, पण ते काढणारी स्त्री घरी बसून, नगावर, मध्यस्थाकडून मजुरी घेते. ती कोणाचीच नोकर नाही, म्हणून तिला भविष्य निर्वाह निधी नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. २०१९ साली असंघटित कामगारांसाठी साठीनंतर ३,००० रुपये पेन्शनची योजना निघाली. परंतु तीत प्रवेश अठरा ते चाळीस या वयातच; म्हणजे जिची पाठ आजच वाकली आहे, तिला दार बंद. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीने आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने ही कहाणी ऐकली तर ती आपलीच आहे असे त्यांना वाटेल.

जिवंत असल्याचा पुरावा

रक्कम अपुरी आहे, आणि तीही विनासायास मिळत नाही. या प्रदेशातील लालबिहारी यांचे उदाहरण आपल्या कानावर आले असेल. आझमगढ जिल्ह्यातील या शेतकऱ्याला नातेवाइकांनी जमिनीसाठी १९७६ साली महसुली दफ्तरात मृत दाखवले. लेखपालाच्या, म्हणजे आपल्याकडील तलाठ्याच्या दप्तरातील ती एक नोंद पुसून घेण्यास त्यांना १९९४ साल उजाडले. मधल्या काळात त्यांनी आपल्या नावापुढे ‘मृतक’ हा शब्द लावला, आपल्यासारख्या इतरांचा ‘मृतक संघ’ उभारला आणि निवडणुकाही लढवल्या. ते त्या वेळी तरुण होते, म्हणून अठरा वर्षे झगडू शकले. पंचाहत्तर वर्षांच्या विधवेचे नाव पेन्शनच्या यादीतून ‘मृत’ म्हणून उडाले, तर तिच्याजवळ अठरा वर्षे कोठून असणार?

दाखला चुकल्यामुळे पेन्शन थांबण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. वर्षानुवर्षे राबून बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र अंगठा ओळखत नाही, आणि केंद्रावरचा मुलगा ‘उद्या या’ म्हणून सांगतो. यावर काही साधे उपाय आहेत. हयातीचा दाखला २०१४ पासून संगणकावर देता येतो, आणि आता अंगठ्याऐवजी मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना तो वर्षातून कोणत्याही महिन्यात देता येतो व त्या दिवसापासून बारा महिने चालतो. सरकारी पेन्शनरांसाठी मात्र नोव्हेंबर महिना ठरलेला आहे. पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचे पुस्तक आणि आधार यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी आहे की नाही, हे पाहून ठेवावे. अनेक अर्ज याच ठिकाणी अडतात. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पत्नीस कुटुंब पेन्शनचा हक्क असतो. तिला आदेशाचा क्रमांकच ठाऊक नसला तर तो हक्क पेटीत पडून राहतो. म्हणून दोघे हयात असतानाच या कागदांच्या प्रती काढून तिच्या हाती द्याव्यात.

आरोग्याचा प्रश्न

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे कार्ड देण्याची योजना आली. ते कार्ड प्रत्येकाने काढून घ्यावे. मात्र त्याच्या मर्यादाही लोकांना सांगाव्यात. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाचे औषध, चष्मा, दात, काठी यांचा खर्च त्यातून निघत नाही. आणि वृद्धाचा पैसा महिन्यामागून महिना येथेच जातो. यास्तव सरकारी दवाखान्यात ही औषधे नियमितपणे व मोफत मिळालीच पाहिजेत, ही मागणी कार्डापेक्षा मोठी आहे. तोपर्यंत जनऔषधी केंद्रातून मूळ नावाची औषधे घेतल्यास खर्च बराच कमी होतो.

चिकनकारी, विडी आणि शिवण या कामांतील स्त्रियांचे डोळे लवकर थकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. आपल्या शाखांनी वर्षातून एकदा वस्तीतील वृद्धांना घेऊन नेत्रतपासणीस जावे. एकट्या म्हातारीला पाठवू नये. तिला नेऊन परत घरी आणून सोडावे.

उत्तरेकडील हिवाळा महाराष्ट्रातील साथींना अपरिचित असतो. येथे दाट धुक्याच्या दिवसांत वृद्धांनी पहाटे फिरावयास जाऊ नये. हृदयाचा आणि दम्याचा त्रास तेव्हाच उचल खातो. अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, बंद खोलीत पेटवून झोपण्याची चाल जीवघेणी आहे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही आणि वासही नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. घरातील पडणे हेही मोठे संकट आहे. ओली मोरी, अंधारा जिना आणि झोपेची गोळी या तिहींकडे लक्ष द्यावे. वेगवेगळ्या डॉक्टरांकडची सर्व औषधे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरला दाखवावीत. एकाच प्रकारची औषधे दोनदा घेतली जात असल्याचे अनेकदा त्यातून कळते.

पैशाची आणि जिवाची सुरक्षितता

तुटपुंजी बचत लुबाडणारेही टपून बसलेले आहेत. सहारा समूहाचे मुख्यालय याच शहरात होते. रिक्षावाले, टपरीवाले, शिंपी यांच्याकडून रोजची रोज ठेव गोळा करणारा एजंट बहुधा शेजारचाच असे, आणि लोक त्याच्या ओळखीवर विश्वास ठेवत. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समूहाच्या दोन कंपन्यांना चोवीस हजार कोटींहून अधिक रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. समूहाच्या सहकारी संस्थांमधील ठेवीदारांसाठी परताव्याची व्यवस्था सुरू झाली ती जुलै २०२३ मध्ये. आणि आरंभी मिळाले ते जास्तीत जास्त दहा हजार रुपये. अकरा वर्षे म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे उरलेले आयुष्यच. महाराष्ट्रातील ठेवीदारांनीही सप्टेंबर २०१९ मध्ये एका सहकारी बँकेवर निर्बंध येताच काय भोगले, हे आपण पाहिले आहे. तेव्हा हे लक्षात ठेवा: ठेव विम्याचे संरक्षण बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस असते, पतसंस्थेतील ठेवीस ते नसते. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत सर्व पैसा ठेवणे धोक्याचे आहे. टपाल कचेरीतील ज्येष्ठ नागरिक योजना दर तीन महिन्यांनी व्याज देते आणि तिला सरकारची हमी आहे.

अलीकडे फोनवरून ‘डिजिटल अटक’ झाल्याचे भासवून लोकांना लुटण्यात येते. लखनौमध्येही चांगली शिकलेली माणसे त्यात सर्वस्व गमावून बसली. अशी अटक आपल्या कायद्यात कोठेही नाही. कोणताही पोलीस किंवा न्यायाधीश फोनवर पैसे मागत नाही. या भामट्यांची पहिली आज्ञा काय असते, ते नीट पाहा: घरात कोणालाही सांगू नका. त्यांचे सगळे सामर्थ्य या एका वाक्यात आहे. म्हणून पहिले काम म्हणजे फोन बंद करून शेजाऱ्याला हाक मारणे, आणि पैसे गेले असल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवणे.

धोका घराच्या आतही असतो, हे बोलावयास आपण संकोचतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडील प्रांताच्या पातळीवरील न्यायाधिकरणापुढे साध्या अर्जाने दाद मागता येते. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. निपुत्रिकांना वारसा घेणाऱ्या नातेवाइकांकडे तो मागता येतो. घर मुलाच्या नावे करून दिल्यावर त्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. मात्र सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी, नाहीतर पुढे वाद होतो. त्याहून चांगले म्हणजे जिवंतपणी बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावे. ते केव्हाही बदलता येते. मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा दूरध्वनी आहे. तरीही एक गोष्ट विसरू नये. दोन खोल्यांच्या घरात, बेकार मुलगा आणि आजारी बाप यांच्यातील भांडण हे पुष्कळदा गरिबीचे भांडण असते. मुलाला तुरुंगाची भीती घालून ते मिटत नाही. बापाच्या हाती स्वतःचे पेन्शन आले म्हणजे घरात त्याचा शब्दही ऐकला जातो.

आपण काय करावयाचे?

काही साथी विचारतील की अर्ज भरणे, कार्डे काढणे हे समाजसेवी संस्थांचे काम. पक्षाने त्यात का गुंतावे? या शंकेचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. परळच्या दळवी बिल्डिंगमधील कचेरीत गिरणी कामगार केवळ संपाचे भाषण ऐकावयास येत नव्हता. बडतर्फीची चिठ्ठी आणि फंडाचा हिशेब घेऊनही तो तेथे येत असे. त्याच्या कागदाची दखल घेतली गेली, म्हणून तो संपात उतरला. हीच गोष्ट वृद्धांच्या बाबतीत खरी आहे.

पण या कामात एक मोठा धोकाही आहे. अर्ज भरता भरता कार्यकर्ता दलाल होऊ शकतो. म्हणून काही नियम कडकपणे पाळावेत. कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत. मूळ कागद स्वतःजवळ ठेवू नयेत. बँकेचा सांकेतिक क्रमांक विचारू नये. मत किंवा सभासदत्व यांच्या बदल्यात मदत देऊ नये. आणि कचेरीत वृद्धाच्या वतीने बोलण्याऐवजी त्याला पुढे करून त्याच्या पाठीशी उभे राहावे.

प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील साठीवरील माणसांची यादी करावी: पेन्शन मिळते की नाही, दाखला केव्हा संपतो, कार्ड आहे की नाही, घरात एकटे कोण राहते. आठवड्यातून एक दिवस, एका ठरलेल्या वेळी, दोन साथींनी बसावे. त्यांतील एक तरुण असावा, मोबाइल हाताळणारा. एकेकट्याची दहा प्रकरणे अडली की ती दहा माणसे एकत्र घेऊन तहसीलवर जावे. एकट्या म्हातारीला ‘उद्या या’ म्हणणारा कारकून दहा जणींना तसे सहज म्हणत नाही. आणि त्या यादीच्या आधारावर मागणीपत्रक तयार करावे: केंद्राच्या वाट्यात भरीव वाढ, महागाईशी निगडित पेन्शन, उत्पन्नाच्या हास्यास्पद अटी रद्द, घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांना पेन्शन, दवाखान्यात मोफत औषधे, आणि मार्च २०२० मध्ये बंद केलेली रेल्वे भाड्यातील ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू करणे.

शेवटी आपल्याच घरातली एक गोष्ट. आपले अनेक पूर्णवेळ कार्यकर्ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांना फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. काहींना तर स्वतःसाठी अर्ज करण्याचा संकोच वाटतो. शाखेच्या यादीत त्यांचे नाव पहिले असले पाहिजे, आणि त्यांच्या औषधाची काळजी हा शाखेच्या बैठकीतील नियमित विषय असला पाहिजे. ज्या संघटनेला आपली म्हातारी माणसे सांभाळता येत नाहीत, तिच्यावर वस्तीतील म्हाताऱ्यांनी विश्वास का ठेवावा?

कॉम्रेड्स, येथून परत गेल्यावर ठराव लिहिण्यापूर्वी यादी करा. नागपूर असो, इंदूर असो, बेळगाव असो की मुंबईची चाळ असो, पुढच्या नोव्हेंबरमध्ये आपल्या वस्तीतील एकाही वृद्धाची पेन्शन दाखल्यावाचून थांबता कामा नये. एवढे जरी आपण केले, तरी वार्धक्यवेतनाच्या मोठ्या लढ्यासाठी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न आपल्यापुढे उरणार नाही.